नाव यादीत नाही, किंवा नावावर आधीच मत पडलंय : केंद्रावर नेमकं काय मागायचं?

प्रश्न असा आला आहे. विचारणाऱ्यांचे वडील ७१ वर्षांचे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला मतदान केंद्रावर गेले तर त्यांच्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलेलं. ‘आता काही करता येत नाही’ असं सांगून त्यांना परत पाठवलं. भावाकडे निवडणूक आयोगाचं ओळखपत्र आहे, पण यादीत नावच नाही. मग घरच्या ग्रुपवर तो जुना मेसेज आला : नाव नसेल तर आधार दाखवून कलम ४९ए खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा, आपल्या नावावर कुणी मत दिलं असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा, आणि एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट झाले की फेरमतदान होतं. त्यातच अमेरिकेतली मावसबहीण म्हणाली, आमच्याकडे अशा वेळी ‘प्रोव्हिजनल बॅलट’ देतात. तर यातलं खरं किती, आणि आपल्याकडे तशी सोय का नाही?

मी जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. पेटी आणि कागदी मतपत्रिकेच्या काळात मतदान अधिकारी क्रमांक दोन म्हणून सुरुवात केली आणि पुढे यंत्रं आल्यावर नऊ निवडणुकांत केंद्राध्यक्ष होतो. लिहितो ते तेवढ्या अनुभवावरून.

आधी मेसेजचा निकाल लावू. तो २०१९ च्या लोकसभेपासून दर निवडणुकीला फिरतोय. आयोगाने खोटं म्हणून सांगितलं तरी मरत नाही, कारण त्यात एक शब्द खरा आहे : टेंडर व्होट. बाकी सगळी खिचडी.

‘४९ए’ हे कलम नव्हे, निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला नियम आहे. त्यात काय आहे माहितीये? मतदान यंत्राला एक कंट्रोल युनिट आणि एक बॅलट युनिट असेल आणि त्यांची रचना आयोगाने मंजूर केलेली असेल, एवढंच. तो नियम दाखवून मत मागणं म्हणजे गाडीच्या इंजिनाचा नंबर दाखवून ड्रायव्हिंग लायसन्स मागण्यासारखं आहे.

‘चॅलेंज व्होट’ खरंच असतो, फक्त तो मतदाराने मागायचा नसतो. तो तुमच्यावर घेतला जातो. आत बसलेल्या उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीला वाटलं की समोर उभा माणूस यादीतला तो माणूसच नाही, तर तो केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये रोख भरून आक्षेप घेतो. होय, दोनच रुपये. १९६१ पासून दर वाढलेला नाही. प्रतिनिधीच्या खिशात पाचशेची नोट असते, दोनचं नाणं नसतं, आणि जीपे इथे चालत नाही. मग आमचाच शिपाई सुट्टे शोधत फिरतो. मी पावती फाडतो, मतदाराला तोतयेगिरीच्या शिक्षेची कल्पना देतो, यादीतली नोंद वाचून दाखवतो, ‘ही व्यक्ती तुम्हीच का’ असं विचारतो आणि नमुना १४ मध्ये त्याचं नाव-पत्ता लिहून सही घेतो. मग तिथल्या तिथे छोटी चौकशी. पुरावा आक्षेप घेणाऱ्याने द्यायचा असतो. आक्षेप सिद्ध झाला नाही तर मतदार यंत्रावर नेहमीसारखं मत देतो आणि ते मोजलंही जातं. सिद्ध झाला तर लेखी तक्रारीसह त्याला पोलिसांच्या ताब्यात. सरकारी मराठीत याला ‘आक्षेपित मत’ म्हणतात. यात ‘यादीत नाव नसलेल्याला मत’ हा प्रकार कुठेही बसत नाही.

आता १४ टक्के. असा नियम कुठेच नाही. फेरमतदानाचा निर्णय लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ५८ खाली आयोग घेतो : यंत्र पळवलं, फोडलं, बिघडलं, किंवा मतदानाला बाधा येईल अशी प्रक्रियेतली चूक झाली तर. पण नियम बघायचीही गरज नाही, साधा हिशेब करा. केंद्राध्यक्षाच्या पिशवीत टेंडर व्होटसाठी २० मतपत्रिका असतात. केंद्रावर ७०० लोकांनी मतदान केलं असेल तर १४ टक्के म्हणजे ९८. उरलेल्या ७८ मी काय वहीची पानं फाडून देणार?

आता वडिलांच्या गोष्टीकडे येतो, कारण तिथे केंद्रावरच्या लोकांची सरळ चूक आहे.

‘तुमच्या नावावर मत झालंय, परत जा’ असं सांगायचा अधिकार केंद्रावर कुणालाच नाही. त्याच १९६१ च्या नियमांतला नियम ४९पी स्वच्छ आहे. एखाद्याच्या नावावर आधीच मत पडलेलं असेल आणि नंतर आलेला माणूस केंद्राध्यक्षाच्या प्रश्नांना समाधानकारक उत्तरं देत असेल, तर त्याला यंत्रावर मत देता येणार नाही, पण प्रदत्त मतपत्रिका द्यायची. ‘देता येईल’ असं नाही, द्यायचीच. हाच तुमचा टेंडर व्होट. आमच्या पुस्तिकेत ‘प्रदत्त मत’ लिहिलेलं असतं, केंद्रावर सगळे टेंडरच म्हणतात.

मग परत का पाठवतात? खरं सांगायचं तर भीती आणि आळस. टेंडर व्होट म्हणजे नमुना १७बी भरा, वेगळं पाकीट, दैनंदिनीत नोंद, रात्री साहित्य जमा करताना चार प्रश्न. बऱ्याच केंद्राध्यक्षांना वाटतं की टेंडर व्होट नोंदवला तर आपल्या केंद्रावर तोतया घुसल्याची कबुली दिल्यासारखं होईल. प्रशिक्षणातही यंत्र जोडणं आणि अभिरूप मतदान (म्हणजे आधी घ्यायचं चाचणी मतदान) यांवर दोन तास जातात, टेंडर व्होटवर दोन मिनिटं. त्यातही मागच्या बाकावरचे चहाला गेलेले असतात.

पण मतपत्रिका देण्याआधी एक गोष्ट प्रत्येक केंद्राध्यक्षाने बघावी, आणि मतदारानेही आग्रहाने बघायला लावावी. खरंच कुणी तोतया येऊन गेला का, की आपल्याच माणसाने चुकीच्या नावावर रेघ मारली?

एक सकाळ सांगतो. गावातलं केंद्र, शाळेचीच खोली. साधारण अकराचा सुमार, बाहेर रांग व्हरांड्याच्या पायरीपर्यंत. साठीच्या एक बाई आल्या. क्रमांक एकच्या सरांनी स्लिप घेतली, यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘मावशी, तुमचं मत झालंय.’ बाईंनी डावा हात टेबलावर आपटला. ‘हे बघा बोट. शाई कुठंय?’ बोट कोरं करकरीत. मी उठून यादी बघितली. खुणेच्या यादीत ज्याने मत दिलं त्याच्या चौकटीवर लाल शाईने तिरकी रेघ मारतात, स्त्री मतदार असेल तर अनुक्रमांकाभोवती गोलही करतात. ४१२ वर रेघ होती, गोल होता. नाव सुमन. मी पान खाली वाचत गेलो तर ४२१ लाही सुमन, आडनाव तेच, फक्त नवऱ्याचं नाव वेगळं. ४२१ कोरी.

मग नमुना १७ए, म्हणजे मतदार नोंदवही, उघडली. त्यात यादीतला क्रमांक असतो, ओळखपत्राचा तपशील असतो (आयोगाचं कार्ड असेल तर नुसतं ‘ईपी’, दुसरं कागदपत्र असेल तर त्याचे शेवटचे चार अंक) आणि पुढे सही किंवा अंगठा. ४१२ समोरची सही मोकळ्या मराठी अक्षरात पूर्ण नावाची होती, आणि त्या नावात नवरा ४२१ च्या बाईंचा होता. दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना बोलावलं. गावात प्रतिनिधी म्हणजे चालतीबोलती मतदारयादीच. दोघंही एका सुरात म्हणाले, ‘ती तर सकाळीच आली होती, खालच्या आळीची.’ क्षेत्रीय अधिकाऱ्यांना, म्हणजे आसपासच्या काही केंद्रांवर देखरेख करणाऱ्यांना, फोन लावला, प्रतिनिधींसमोर नोंद दुरुस्त केली, दैनंदिनीत सविस्तर लिहिलं, आणि मावशींनी यंत्रावर मत दिलं. सगळं मिळून बारा मिनिटं. रांगेतले लोक चिडले, पण टेंडर व्होट दिला असता तर त्या बाईंचं खरंखुरं मत आमच्या एका रेघेपायी वाया गेलं असतं.

सुमन, शांताबाई, तुकाराम, दत्तात्रय ही नावं आणि एकाच भावकीचं आडनाव : असा गोंधळ खेड्यातल्या यादीत नवीन नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीतही हेच झालं असण्याची शक्यता मी तोतयापेक्षा जास्त धरतो.

आणि खरा तोतया असेल तर? तो अनुभवही आहे. संध्याकाळचे चार वाजलेले, पंचविशीतला एक मुलगा पुण्याहून एसटीने आला होता, पाठीवर सॅक तशीच. त्याच्या नावावर दुपारी मत पडलेलं, १७ए मध्ये सही त्याची नव्हतीच, आणि कोणतीच जुळणारी नोंद कोरी सापडेना. मी वडिलांचं नाव विचारलं, घर क्रमांक विचारला, यादीत त्याच्या वर-खाली कोण ते विचारलं. त्याने आजी आणि चुलत्याचं नाव सांगितलं, बरोबर. बोट कोरं होतं. एकाही प्रतिनिधीने मान वर केली नाही, यावरून काय ते समजलो.

मग पिशवीतून वेगळी ठेवलेली मतपत्रिका काढली. ती यंत्रावरच्या मतपत्रिकेसारखीच असते, नावं आणि चिन्हं तीच. मागे ‘प्रदत्त मतपत्रिका’ असं लिहून सही केली. आधी १७बी वर त्याची सही घेतली, मग त्याच्या हातात मतपत्रिका आणि बाणफुलीचा शिक्का दिला. बाणफुलीचा शिक्का बघून त्याला गंमत वाटली. त्याच्या पिढीने तो पाहिलेलाच नव्हता. मतदान कक्षात जाऊन त्याने शिक्का मारला, घडी घातली, माझ्याकडे दिली, मी ती त्या खास पाकिटात टाकली. जाताना त्याने विचारलं, ‘सर, हे मोजणार ना?’

नाही. मतमोजणीला ते पाकीट उघडतच नाहीत. लाखबंद जातं आणि लाखबंद राहतं. उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल झाली आणि न्यायालयाने सांगितलं तरच ते उघडतं. मी त्याला हे खरं तेच सांगितलं. तो म्हणाला, ‘मग मला कशाला शिक्का मारायला लावला?’

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की ती मतपत्रिका तुमच्या मताची जागा घेत नाही, ती फक्त तुमच्या तक्रारीचा पुरावा आहे. यंत्रात पडलेलं खोटं मत कुणाला पडलं हे शोधून बाहेर काढणं रोजच्या मोजणीत शक्य नसतं आणि तसं करूही नये, गुप्ततेचा प्रश्न येतो. पण चुरशीच्या निकालात हा कागदच कामाला येतो. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले. ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५. त्या याचिकेत प्रदत्त मतांचा मुद्दा निघाला आणि २०११ मध्ये वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडे २०१७ च्या मुंबई महापालिकेत गिरगावच्या प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांची मतं समान पडली आणि शेवटी चिठ्ठी काढावी लागली. एवढ्या फरकात एक पाकीटही जड होतं.

दुसरा उपयोग कमी लोकांना माहीत आहे. मतदान संपल्यावर मी जो १७सी भरतो, म्हणजे नोंदवलेल्या मतांचा हिशेब, त्यात किती प्रदत्त मतपत्रिका वापरल्या तो आकडाही असतो आणि त्याची साक्षांकित प्रत प्रत्येक मतदान प्रतिनिधीला द्यावी लागते. म्हणजे तुम्ही टेंडर व्होट दिलात तर त्या केंद्रावर गडबड झाली हे उमेदवाराला त्याच रात्री कागदावर कळतं. नुसते चिडून घरी गेलात तर कागदावर तुम्ही मत देऊन समाधानाने घरी गेलात.

म्हणून केंद्रावर शब्द हे वापरा : ‘माझ्या नावावर मत झालेलं दिसतंय. मला केंद्राध्यक्षांशी बोलायचंय. आधी १७ए मधली सही बघा, आणि ती माझी नसेल तर नियम ४९पी प्रमाणे प्रदत्त मतपत्रिका द्या.’ क्रमांक एकच्या अधिकाऱ्याशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. केंद्राध्यक्षही नाही म्हणाले तर क्षेत्रीय अधिकाऱ्याला बोलवायला सांगा, १९५० या मतदार हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि शक्य असेल तर ज्या उमेदवाराचा प्रतिनिधी आत आहे त्याला हे ऐकू जाईल असं बोला. केंद्राध्यक्ष त्या कानांना सगळ्यात जास्त घाबरतो. आवाज चढवायची गरज नाही, नियमाचा आकडा ऐकला की माणूस पुस्तिका उघडतोच.

तुमच्या वडिलांच्या वेळी जे झालं त्यावर मात्र आता कायदेशीर इलाज उरलेला नाही. निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांत करायची असते, आणि १७बी वर त्यांची सही नसल्यामुळे तसाही हातात कागद नाही.

भावाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे मला कटू बोलावं लागेल. यादीत नाव नसेल तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर कुणीही काहीही करू शकत नाही. जिल्हाधिकारी आले तरी नाही. १९५१ च्या कायद्याचं कलम ६२ सांगतं की मतदानाचा हक्क यादीत नाव असलेल्यालाच. कार्ड हे ओळखपत्र आहे, मतदानाचा परवाना नव्हे. आयोगाचं कार्ड असून नाव नाही, आणि कार्ड हरवलंय पण नाव आहे, या दोघांत दुसरा माणूस मत देऊन जातो.

फक्त ‘नाव नाही’ असं म्हणण्याआधी खात्री करा, कारण मी पाहिलेल्या अशा तक्रारींपैकी बऱ्याच ‘नाव शेजारच्या खोलीत’ निघाल्या. एका शाळेत चार-चार केंद्रं असतात, यादीचे भाग अधूनमधून पुन्हा जुळवले जातात, आणि माणूस सवयीने जुन्याच खोलीत जातो. बाहेर बीएलओ (त्या केंद्राची यादी सांभाळणारे कर्मचारी) बसलेल्या असतात, बहुतेक ठिकाणी अंगणवाडीताई किंवा शिक्षक, त्यांच्याकडे वर्णानुक्रमे यादी असते. यादीच्या शेवटच्या पुरवण्याही बघा, नवी नावं तिथेच असतात. लग्न झालेल्या मुलींची नावं तर हमखास माहेरच्या यादीत माहेरच्या नावाने सापडतात, आणि सासरी अर्ज कुणीच केलेला नसतो.

आता मावसबहिणीच्या मुद्द्यावर. ती बरोबर सांगते. २००० साली फ्लोरिडात ५३७ मतांच्या फरकावर अमेरिकेचा अध्यक्ष ठरला. त्या निवडणुकीत नाव सापडलं नाही म्हणून अनेकांना केंद्रावरून परतावं लागलं होतं. त्यानंतर २००२ मध्ये तिथे कायदा झाला. नाव यादीत दिसत नसेल पण मतदार म्हणतोय की मी पात्र आहे, तर त्याच्याकडून लेखी प्रतिज्ञा घ्यायची, त्याची मतपत्रिका वेगळ्या पाकिटात ठेवायची, कार्यालयाने नंतर नोंदी तपासायच्या आणि पात्र ठरला तर मत मोजायचं. आपलं मत मोजलं का हे मतदाराला फुकट कळायची व्यवस्थाही त्याच कायद्यात आहे. म्हणजे तिकडे पाकीट उघडण्यासाठी ठेवतात, आपल्याकडे न उघडण्यासाठी. आणि तिकडचं पाकीट नाव नसलेल्याला मिळतं, आपल्याकडचं नाव असलेल्यालाच.

आपल्याकडे ते का नाही याचं माझं उत्तर असं : आपली यादी सरकार दारोदार फिरून करतं, तिकडे नोंदणीचा भार बहुतांशी मतदारावर असतो (एका नॉर्थ डकोटा राज्यात तर नोंदणीच नाही). त्यामुळे आपल्याकडे गृहीत असं धरलंय की यादी मतदानाआधी पक्की झालेली असते, दावे-हरकतींना वेळ दिलेला असतो, मग त्या दिवशी वाद नको. शिवाय आपली मोजणी एका दिवसात उरकते; आठवडाभर पाकिटं तपासत बसायचं म्हटलं तर आपल्या राजकारणात त्या पाकिटांभोवती काय होईल याची मला कल्पना आहे. तरीही सांगतो, नोटीस न देता नाव वगळलेल्या माणसापुरती तरी काहीतरी सोय हवी असं मला नऊ निवडणुकांनंतर वाटतं. त्या माणसाचा चेहरा बघवत नाही.

कारण कायदा म्हणतो की स्थलांतर किंवा अपात्रतेच्या कारणावरून नाव वगळण्याआधी त्याला म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायची. प्रत्यक्षात बीएलओ दोनदा येतो, दार बंद असतं, शेजारी म्हणतो ‘ते पुण्याला राहतात’, आणि नाव गैरहजर-स्थलांतरित-मयत यादीत जातं. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं हेच होतं. त्या यादीतल्या नावाचा माणूस मतदानाला आलाच तर आम्ही त्याचं ओळखपत्र अधिक बारकाईने बघतो, सहीबरोबर अंगठाही घेतो. म्हणजे ती यादी तोतयाला अडवण्यासाठीही असते. नाव पूर्ण वगळलं जाणं ही त्यापुढची पायरी.

भावाने आता करायचं ते हे. आधी १९५० वर किंवा आयोगाच्या मतदार संकेतस्थळावर कार्डाचा क्रमांक टाकून शोधा. नाव दुसऱ्या भागात असेल तर तिथेच दिसेल. अगदीच नसेल तर नमुना ६ नव्याने भरायचा. नाव आहे पण पत्ता बदललाय, अक्षर चुकलंय, कार्ड हरवलंय, तर नमुना ८. ऑगस्ट २०२२ पासून स्थलांतरासाठीही तोच. जुन्या गावी नाव ठेवून शहरात दुसरं लावू नका. एकाच वेळी दोन ठिकाणी नोंद कायद्याने चालत नाही, आणि अर्जात ‘दुसरीकडे नाव नाही’ असं खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. अर्जाचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. अर्ज फेटाळला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, पण क्रमांकच नसेल तर कशाच्या विरोधात अपील करणार?

वेळेचं गणित लोक चुकवतात. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घेता येत नाही. अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून त्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधी अर्ज पोचलेला हवा. आचारसंहिता लागल्यावर जाग आली तर हातात मोजके दिवस असतात. अठरा पूर्ण होणाऱ्यांसाठी मात्र आता १ जानेवारी ही एकच तारीख नाही. १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर याही अर्हता तारखा आहेत. झेडपी-महापालिकेला राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेची घेतो, त्यानंतर लागलेलं नाव त्या निवडणुकीत चालत नाही. त्यावरून दर वेळी भांडणं होतात.

ओळखपत्राचं थोडक्यात. आयोगाचं कार्ड नसेल तर २०२४ मध्ये बारा कागदपत्रं चालत होती : आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, रोजगार हमीचं जॉब कार्ड, बँक किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक, पेन्शनचे फोटोसहित कागद, सरकारी किंवा सार्वजनिक कंपनीचं नोकरीचं ओळखपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी वगैरे. घरी वाटलेली स्लिप ओळखपत्र म्हणून २०१९ पासून चालत नाही. कार्डावर ‘पाटील’चं ‘पाटिल’ झालं असेल तर आम्ही सोडून देतो. फोटोच जुळत नसेल तर दुसरं कागदपत्र मागतो. दुसऱ्या मतदारसंघात काढलेलं जुनं कार्डही ओळखीसाठी चालतं, नाव मात्र समोरच्या यादीत हवं. परदेशी राहणारे भारतीय नागरिक, ज्यांनी नमुना ६ए भरून नाव लावलंय, त्यांना फक्त मूळ पासपोर्ट. मावसबहीण तिकडची नागरिक झाली असेल तर हा रस्ता तिला बंद. आणि डिजिलॉकरवर विसंबू नका : २०२४ ला मोबाईल आत नेता येत नव्हता. त्यावर मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली आणि फेटाळलीही गेली. कागद खिशात ठेवा.

घरून मतदानाचा किंवा टपाली मतपत्रिकेचा अर्ज मंजूर झाला असेल तर यादीत नावापुढे ‘पीबी’ खूण येते आणि केंद्रावर यंत्र मिळत नाही. ८५ च्या वरच्या आजोबांचा अर्ज नातू हौसेने भरतो आणि आजोबा मतदानाच्या दिवशी नवा सदरा घालून केंद्रावर हजर, हे मी पाहिलंय. वडिलांच्या बाबतीत तसं काही नसावं, ७१ वय आहे.

एक विचारायचं राहिलं. वडील किती वाजता गेले होते, ते तुम्ही लिहिलेलं नाही. रेघेची चूक कधीही होते, पण तोतया सहसा दुपारी जेवणानंतर येतो, जेव्हा कोण आलं नाही याचा प्रतिनिधींना अंदाज आलेला असतो. पुढच्या वेळी त्यांना सातला, रांग लागायच्या आत घेऊन जा. यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून द्या. क्रमांक एकच्या सरांनी रेघ मारताना ती नेमकी त्याच अनुक्रमांकावर पडतेय का, हे त्यांनी स्वतः वाकून बघावं. कुणी रागावत नाही.